बालकाचे पहिले अक्षर

वार्षिकांकाच्या मराठी विभागात शिक्षकाने लेख लिहावयाचा म्हटले म्हणजे परीक्षा, शिस्त, आरोग्य अथवा वेळेचा सदुपयोग यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा प्रघात पडून गेला आहे. या विषयांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. तथापि यंदा वाचकांच्या परवानगीने आम्ही एक अगदी लहान विषय घेत आहो. अडीच-तीन वर्षांच्या बालकास मुळाक्षरांपैकी एक अक्षर, केवळ एकच, कसे शिकवावे, हा तो विषय होय. हायस्कुलाच्या अंकात बालवर्गाची चर्चा कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, पुस्तक उघडताच ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात अशा विद्यार्थ्यांचा पूर्वेतिहास शोधीत गेले, तर तो पुष्कळदा घरातील एका पाटीपाशी येऊन थांबतो. आणि हे आम्ही परक्याच्या घरावरून सांगत नाही, स्वतःच्या घरावरून सांगतो.

आमचा थोरला मुलगा तीन वर्षांचा झाला, तेव्हा आम्हांस शिक्षकाच्या पेशात येऊन बरीच वर्षे लोटली होती. शिक्षणशास्त्राची पदवी घेताना फ्रोबेल व माँटेसरी यांची नावे आम्ही पाठ केली होती व त्यांच्यावरील प्रश्नांस चांगले गुणही मिळविले होते. परंतु शेजारच्या बिऱ्हाडातील त्याच वयाचा मुलगा 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणून दाखवू लागला, आणि आमच्यातील पदवीधर निमूटपणे बाजूस सरून बाप पुढे झाला. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर आम्ही मुलास पुढ्यात बसवीत असू, पाटीवर ठळक 'अ' काढून देत असू, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून तो गिरवून घेत असू. मुलाचे बोट पेन्सिलीवर ठरेना आणि आमचा धीर ठरेना. आम्ही त्याला मारले नाही, एवढेच स्वतःच्या बाजूने सांगता येईल. आवाज मात्र रोज चढत असे.

पूर्वी आमच्या सायकलीची घंटा वाजली की हे पोर दारापर्यंत धावत येई. हा शिकवणीचा प्रकार सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. एके दिवशी घंटा वाजली आणि दारात कोणी आले नाही. शोधता शोधता तो तांदळाच्या पिंपामागे बसलेला सापडला. आम्ही विचारले, "काय रे, पाटीला भितोस काय?" त्याने उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते आमच्या मातोश्रींनी. त्या जवळच सूप घेऊन निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पाटीला कशाला भिईल लेकरू? पाटी काय ओरडते? ते तुला भितंय."

मातोश्रींची शाळा चौथीपर्यंत झालेली आहे. शिक्षणशास्त्रावरील इतके नेमके वाक्य आम्हांस कोणत्याही ग्रंथात आढळले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाटी बंद झाली. मुलगा पुढे शाळेत गेला, लिहावयास-वाचावयास शिकला, आज आठवीत आहे व उत्तीर्णही होतो. पण अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक तो आपणहोऊन हाती घेत नाही. याचे सारे खापर त्या तीन आठवड्यांवर फोडणे कदाचित अन्यायाचे होईल. तरी पण त्याच्यासमोर पुस्तक ठेवताना ते तांदळाचे पीप आम्हांस अजून दिसते, हे मात्र खरे.

आमचे काय चुकले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पहिली चूक हाताची. मनुष्याच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसून मऊ कूर्चा असते. तिचे हाडांत रूपांतर एकामागून एक, सावकाश होत जाते, आणि आठव्याची पाळी येईपर्यंत मूल नऊ ते बारा वर्षांचे झालेले असते. तीन वर्षांच्या हातास माती मळता येते, दाणे वेचता येतात, पाणी ओतता येते. पेन्सिलीच्या टोकाने दोन अंगुळांच्या जागेत गाठी व वळणे काढणे हे त्या हातास अवघड जाते. ज्यास आम्ही हट्ट म्हणत होतो तो हट्ट नव्हता, ती त्या हाताची अडचण होती.

दुसरी चूक अक्षराच्या निवडीची. 'अ' हे वर्णमालेत पहिले आहे, म्हणून ते शिकण्यासही पहिले असावे, हा आमचा निव्वळ भ्रम. 'अ'ची दोन पोटे, मधली आडवी रेघ, मग काना व वर शिरोरेषा, हा पसारा चिमुकल्या डोळ्यांस अवघड आहे. आपल्या जुन्या शिक्षकांना हे ठाऊक होते. म्हणून तर आकाराच्या सारखेपणावरून ग, म, भ, न असा वेगळा क्रम मराठी शाळांतून रूढ झाला, आणि एखाद्याला विषयाची काहीच माहिती नसली म्हणजे त्याला त्यातला 'गमभन'ही येत नाही, असे आपण आजही म्हणतो. वाक्प्रचार आम्ही जपून ठेवला, त्यातले शहाणपण मात्र विसरलो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मुलाला त्या 'अ'शी काही कर्तव्यच नव्हते. ते अक्षर आमचे होते, त्याचे नव्हते.

खेळातून अक्षर शिकवावे हा विचार काही नवा नाही, आणि तो केवळ परदेशातूनही आलेला नाही. पंतोजींच्या शाळेत कागद महाग होता, तेव्हा फळीवर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने अथवा काडीने अक्षर काढीत. तीच धूळपाटी. चुकले तर हात फिरविला की पाटी कोरी. चुकीची खूण मागे राहत नाही, हा त्या गरिबीच्या साधनातील केवढा मोठा गुण! रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा वक्तृत्वाचा आचार्य होऊन गेला. त्याने लहान मुलांस खेळावयास हस्तिदंती अक्षरे द्यावीत, असे लिहून ठेवले आहे. लॅटिन बायबलचे भाषांतरकार संत जेरोम यांनी सुमारे 403 साली बेथलेहेमहून लेता नावाच्या एका मातेस पत्र लिहिले. तिच्या पौला नावाच्या लहान मुलीच्या शिक्षणाविषयीचे ते पत्र आहे. त्यात लाकडाची अथवा हस्तिदंताची अक्षरे तिला खेळण्यास द्यावीत, तिला सोबती द्यावेत, आणि बालपणी विद्येविषयी तिटकारा उत्पन्न होऊ देऊ नये, कारण तो मोठेपणीही जात नाही, अशा आशयाचा उपदेश आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा कठोर तपस्वी एका लहान मुलीच्या खेळण्याची एवढी चिंता करतो, आणि आम्ही पदवीधर शिक्षक पाटी घेऊन पोराच्या मागे लागतो!

पुढे जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व 1840 साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. रोम शहरातील मजुरांच्या वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती गुळगुळीत फळीवर चिकटविलेली असत. बालक त्यांवरून बोट फिरवी व तोंडाने उच्चार करी. डोळा, कान व स्पर्श अशा तीन दारांनी एकच पाहुणा आत येई. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे 1920 साली बालमंदिर सुरू केले, आणि ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून हीच विद्या खेड्यापाड्यांत नेली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महाग साधनांची वाट न पाहता त्यांनी शिंपले, खडे, बिया व पाने यांच्यावर मुलांस शिकविले. म्हणून 'हे सारे श्रीमंतांचे चोचले' ही तक्रार कोणी करू नये.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याचे मनात आले, ती सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पावणेतीन वर्षांची आहे व आम्ही सर्व एकाच घरात राहतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या थोरल्याने, म्हणजे त्या पिंपामागे लपणाऱ्यानेच, तिला एक अक्षर शिकविले. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून सारे पाहत होतो.

त्याने 'म' निवडला. कारण अगदी साधे होते. पोरीला मांजराचे वेड, आणि मांजर म्हणजे माऊ. पहिल्या दिवशी दोघे आरशापुढे बसली व 'मऽऽ' असे म्हणू लागली. ओठ मिटतात हे तिने आरशात पाहिले. मग त्याने तिला स्वतःचे नाक चिमटीत धरावयास सांगितले. नाक धरताच 'मऽऽ' बंद! सोडले की पुन्हा सुरू! या खेळास ती इतकी हसली की स्वयंपाकघरातून मंडळी पाहावयास आली. 'म' हा ओष्ठ्य व अनुनासिक वर्ण आहे, हे आम्ही व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहून देतो आणि विद्यार्थी उतरवून घेतात. त्या पोरीला ते नाव कळले नाही, पण गोष्ट कळली. आपली वर्णमाला कंठ, तालू, मूर्धा, दात व ओठ अशा उच्चाराच्या स्थानांवरून रचलेली आहे. एवढी सुंदर रचना हाताशी असून आपण ती केवळ पाठ करून घेतो.

दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा मागून आणला गेला. त्याच्या वळ्या करून त्याने परातीत मोठा 'म' मांडला. उभी वळी, तिच्या तळाशी छोटी गाठ, तेथून आडवी, मग काना, आणि वर शिरोरेषा. पोरीने तो मोडला. त्याने पुन्हा केला. तिने पुन्हा मोडला. आमच्या काळी येथेच आवाज चढला असता. तिसऱ्या वेळी तो मोडण्याऐवजी तिने स्वतः एक वाकडी वळी काढून शेजारी ठेवली व म्हणाली, "हे माऊचं पिल्लू." तो काही 'म' नव्हता. पण त्याने तो दुरुस्त केला नाही.

तिसऱ्या दिवशी अंगणात खडूने चार हात लांबीचा 'म' निघाला व त्याच्या रेघेवरून माऊ होऊन चालावयाचे ठरले. पोर कान्याकडून आत शिरली, तेव्हा त्याने चूक म्हटले नाही. डावीकडच्या टोकाशी एक वाटी ठेवून तो म्हणाला, "माऊचं दूध इकडे आहे, इकडून यायचं." ती फिरून योग्य बाजूने आली. पुढले दोन दिवस टोपलीत मीठ, मका, मणी, माती असे 'म'चे जिन्नस गोळा करण्यात गेले. टोपलीत चमचाही येऊन पडला. "यात पण म आहे," असे ती म्हणाली, आणि खरेच, चमच्याच्या पोटात 'म' आहेच. हे कोणी तिला सांगितले नव्हते. आठ दिवसांत पाटी अथवा पेन्सिल एकदाही निघाली नाही, आणि दुसरे अक्षरही निघाले नाही.

त्यानंतर एकदा आम्ही सर्व एस. टी. स्टँडवर उभे होतो. समोर मिरजेची गाडी लागली. पोर एकदम ओरडली, "माऊचा म! त्यानं छत्री घेतलीय!" पाटीवर 'मिरज' असे होते, आणि वेलांटीची ती छत्री होती. रांगेतील मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू येईना. घरी आल्यावर आम्ही मुलास विचारले, "असे शिकवावयास तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "कोणी नाही, बाबा. मला शिकवलं होतं तसं शिकवायचं नाही, एवढंच ठरवलं होतं."

त्याला ते आठवत असेल, असे आम्हांस वाटले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचाने उठून बाहेर गेला.

आता पालकवर्गाकडून येणाऱ्या काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, आठ दिवसांत एक अक्षर या वेगाने सारी वर्णमाला केव्हा पुरी व्हावयाची? याचे उत्तर असे की, पहिल्या अक्षरास आठ दिवस लागतात, पण दहाव्यास लागत नाहीत. अक्षर म्हणजे तोंडातील आवाजाचे चित्र होय, हा एकच शोध बालकास करावयाचा असतो. तो एकदा झाला की पुढील अक्षरे तीच आपणहोऊन मागते. शिवाय घाई कशासाठी? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृती यांतून शिक्षण सांगितले आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. असे असूनही आमच्या नात्यातील एका तीन वर्षांच्या मुलापुढे प्रवेशाच्या वेळी कागद ठेवण्यात आला. त्याने त्याची होडी करून मागितली. आमच्या मते त्या खोलीत त्या दिवशी तेच एक समंजस होते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. खेळातून शिकविले तर मुलास कष्टाची सवय कशी लागणार? ज्यांनी खेळणारे मूल नीट पाहिले आहे, ते असे म्हणणार नाहीत. परातीतील 'म' आमच्या पुतणीने एका सकाळी अकरा वेळा केला. पाटीवर तो अकरा वेळा काढून घेण्यास आम्हांस छडी लागली असती. खेळात नियम असतो, श्रम असतात आणि पुनरावृत्तीही असते. अपमान तेवढा नसतो.

तिसरा प्रश्न मोबाईलचा. हल्ली पडद्यावर बोट फिरवून अक्षर गिरविण्याचे खेळ मिळतात व मूल त्यात तासभर गुंतते, मग ते काय वाईट, असे पालक विचारतात. काच ही सर्व बाजूंनी सारखीच गुळगुळीत असते. तीत वाळूचा खरखरीतपणा नाही, कणकेचा मऊपणा नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात केलेला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. तो अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला होता. जी अक्षरे मुलांनी स्वतःच्या हाताने काढली होती, ती पुढे पाहताना त्यांच्या मेंदूतील वाचनाचे भाग जागृत झाले. जी केवळ कळ दाबून उमटविली अथवा नुसती गिरविली, त्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. म्हणजे गिरविणे ही फार तर पहिली पायरी होय. स्वतःचे वाकडेतिकडे, पिलासारखे अक्षर काढणे ही खरी पायरी. आणि पडद्याजवळ आणखी एक गोष्ट नाही. मुलाबरोबर हसणारे माणूस तेथे नसते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खेळाचा बुरखा घातलेली शिकवणी म्हणजे खेळ नव्हे. 'म ओळख, मग खाऊ देतो', 'पाहुण्यांना म दाखव', असे म्हणू लागलो की मूल ताबडतोब ओळखते. खेळ कोणता याची आमची कसोटी एकच आहे. मूल मध्येच उठून गेले, तर तुम्हांस राग येतो काय? येत असेल, तर तो खेळ नव्हता. तसेच इंग्रजी शाळेत घालावयाचे म्हणून मराठी अक्षराआधी 'ए, बी, सी, डी'चा लकडा लावू नये. इंग्रजी अक्षराचे नाव एक व आवाज दुसरा असतो. 'डब्ल्यू' या लांबलचक नावातून 'व' हा आवाज कसा निघाला, हे बालकाने कसे ओळखावे? आपल्या 'म'चे नाव तेच त्याचा आवाज. घरात जी भाषा बोलली जाते तिच्या अक्षरापासून प्रारंभ करावा. इंग्रजी पुढे येईल, आणि तीही भीतीवाचून येईल.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख पालकांसाठी आहे असे समजून तुम्ही पाने उलटली नसाल, अशी आशा आहे. कारण खरे पाहता तो तुमच्यासाठीच आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अथवा शेजारी दोन-तीन वर्षांचे एखादे भावंड असेल. आईवडिलांना कामे असतात, आम्हा शिक्षकांना अहंकार असतो. तुम्हांस अजून खेळता येते, ही तुमची खरी पात्रता होय. येत्या सुट्टीत एक अक्षर निवडा. त्या बालकाच्या नावाचे पहिले अक्षर घ्या, अथवा त्याच्या आवडत्या प्राण्याचे घ्या. परातीत वाळू घ्या, कणीक घ्या, अंगणात खडू घ्या. त्याने मोडले तर पुन्हा करा. ते उठून गेले तर तुम्हीही उठा. आणि आपल्याला ज्या रीतीने शिकविले गेले, ती रीत दुखविणारी असेल, तर ती आपल्यापाशीच थांबवा.

आमच्या घरी सध्या 'क' चालू आहे, कारण खिडकीत रोज एक काऊ येतो. सायकलीची घंटा वाजली की पोर दारात येते व आमचा हात धरून आम्हांस अंगणात नेते. तेथे आम्हांस बसावयास सांगून ती 'क' शिकविते. आमचा 'क' तिच्या मते अजून नीट येत नाही. पण ती ओरडत नाही.